गिनीपिगसाठी विमा की पिग्मी?

पोर्तुगीज अमदानीत 'प्रिमेर ग्राव'पर्यंत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्या वाचकांपैकी काहींना 'पोर्किन्यू-दा-इंदिया' हा शब्द अजून आठवत असेल. 'हिंदुस्थानचे पिटुकले डुक्कर' असा त्याचा सरळ अर्थ. वस्तुतः हा जीव डुक्कर नव्हे आणि हिंदुस्थानचा तर मुळीच नव्हे. तो उंदीर-घुशींच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला असून त्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताची आहे. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले ते मांसासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात गेला आणि कोलंबसाच्या भूगोलातील घोटाळ्याचा वारसा म्हणून पोर्तुगीज व फ्रेंच भाषांत त्याच्या नावाला 'इंदिया' चिकटला. इंग्रजांनी त्याला 'गिनी' ठरवले. तेच नाव आज आमच्याकडे रूढ आहे.

या गिनीपिगाने आता गोमंतकीय घरांत हळूहळू प्रवेश केला आहे. पणजी-मडगावच्या सदनिकांत कुत्रा ठेवणे अनेकांना शक्य नसते. शेजारी कुरकुरतात, सकाळ-संध्याकाळ फिरवायला घरात मनुष्य नसतो. मुलांचा हट्ट मात्र कायम असतो. मग दुकानातून एक पिंजरा आणि त्यात दोन लुसलुशीत गिनीपिग घरी येतात. जोडीची किंमत बाहेर जाऊन एक वेळ सहकुटुंब जेवण्याच्या खर्चाहून फारशी अधिक नसते, त्यामुळे व्यवहार स्वस्तात झाला असा समज करून घेऊन आईबाप निश्चिंत होतात. पुढे केव्हातरी एका सकाळी त्यांतला एक कोपऱ्यात अंग फुगवून बसतो, पेरूच्या फोडीकडेही बघत नाही, आणि पशुवैद्याकडे गेल्यावर खर्चाचा जो आकडा कानी येतो तो त्या प्राण्याच्या खरेदीच्या किमतीच्या आठ-दहा पट असतो. 'एवढ्याशा जिवासाठी एवढे?' हा प्रश्न त्या वेळी मुलाच्या देखत विचारला जातो. मुलाच्या मनावर त्याचा काय ठसा उमटतो याचा विचार आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा प्रसंग येण्यापूर्वीच तजवीज कशी करावी, विमा उतरवावा की पैसा साठवावा, अशी पृच्छा अलीकडे काही सुजाण पालकांकडून होऊ लागली आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. देशापुढे एवढे यक्षप्रश्न असताना अग्रलेखात गिनीपिग कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी क्षणभर हे ध्यानात घ्यावे की, १८८२ साली रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू सिद्ध करून दाखवला तो याच प्राण्यावर प्रयोग करून, आणि १८९३ साली हिंदुस्थानात येऊन हाफकिन यांनी जी पटकीची लस टोचण्यास आरंभ केला तिचे जंतूही गिनीपिगांच्या उदरातून पुनःपुन्हा काढून तयार केलेले होते. माणसाने या जिवाकडून घेतले आहे पुष्कळ. त्याच्या औषधपाण्याचा हिशेब एकदा नीट मांडणे यात कमीपणा कसला?

प्रथम हा प्राणी आजारी कसा पडतो ते समजून घेतले पाहिजे, कारण विम्याचा सारा हिशेब शेवटी आजाराच्या स्वरूपावरच उभा असतो. गिनीपिगाचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे. वजन पाऊण किलोपासून सव्वा किलोपर्यंत. त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून त्याने दिवसभर गवत चघळले पाहिजे. गवत कमी पडले की दाढा तिरक्या वाढून जिभेवर येतात आणि तोंडासमोर अन्न असूनही प्राणी उपाशी मरू लागतो. मूत्राशयात चुनखडीचे खडे होणे ही दुसरी नेहमीची व्याधी. वयस्क मादीच्या अंडाशयात गाठी होतात. अंगावर खरूज येते. आणि आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत बुरशीचे गजकर्ण तर ठरलेलेच. शिवाय माणसाप्रमाणे याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघा संशोधकांना स्कर्व्ही हा खलाशांचा रोग गिनीपिगांत निर्माण करता आला, तो या साधर्म्यामुळेच; आणि तेथूनच क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली.

या सगळ्याहून घातक गोष्ट अशी की, हा प्राणी आपले दुखणे लपवतो. रानात जो दुबळा दिसेल तो प्रथम शिकार होतो, ही पिढ्यानपिढ्यांची शिकवण त्याच्या रक्तात आहे. तो आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षात येते तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. त्यातच त्याची पचनसंस्था अखंड चालू राहावी लागते. बारा ते चोवीस तास पोटात काही गेले नाही तर आतड्यांची हालचाल थांबते आणि मग औषध निरुपयोगी ठरू लागते. 'आज रविवार आहे, उद्या बघू' हे वाक्य कुत्र्याच्या बाबतीत बहुधा खपून जाते. गिनीपिगाच्या बाबतीत ते अनेकदा मृत्युपत्र ठरते.

बरे, वैद्यही कोणीही चालत नाही. आमची सरकारी पशुचिकित्सालये गाई-म्हशींसाठी उभी राहिली, खासगी दवाखाने मुख्यतः कुत्र्या-मांजरांवर चालतात. गिनीपिगाची प्रकृती या दोहोंहून निराळी आहे. एकच उदाहरण देतो. पेनिसिलिन आणि त्याच्या जातीची औषधे, जी कुत्र्याला सर्रास दिली जातात, ती गिनीपिगाच्या पोटातील उपकारक जंतू मारून टाकतात, अपायकारक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. ही गोष्ट १९४३ सालीच शास्त्रज्ञांच्या नजरेस आली होती. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी यांनी पेनिसिलिनचा प्रसिद्ध प्रयोग केला तो पांढऱ्या उंदरांवर. त्या दिवशी हाताशी गिनीपिग असते तर त्या अमृताला विष समजून बाजूला सारले गेले असते की काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असो. मुद्दा हा की या प्राण्याला जाणता वैद्य लागतो, असे वैद्य थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांच्याकडे काणकोणहून किंवा सत्तरीतून जायचे तर भाड्याच्या गाडीचाच खर्च तपासणीच्या फीपेक्षा जास्त होतो.

आता विम्याकडे वळू. जनावरांचा विमा ही कल्पना आम्हांला नवी नाही. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या आणि त्यांच्यामार्फत दुभत्या जनावरांचा विमा खेडोपाडी पोहोचला. कानात बिल्ला असेल तरच दावा मंजूर, हा त्यांतला नियम आमच्या दूध उत्पादकांना तोंडपाठ आहे. पुढे केंद्र सरकारच्या पशुधन विमा योजनेत गाई-म्हशींच्या जोडीला शेळ्या, मेंढ्या, डुकरे आणि ससेही आले. डुक्कर आले, ससा आला. पण नावाने डुक्कर व दिसायला सशासारखा असलेला आमचा गिनीपिग मात्र कोणत्याच रकान्यात बसला नाही! आणि बसला असता तरी उपयोग शून्य, कारण हा विमा जनावर मेल्यावर त्याची किंमत भरून देणारा आहे. म्हैस मेली तर कुटुंबाची चूल विझते, म्हणून तो विमा हवाच. गिनीपिगाची बाजारातील किंमत हातात पडून कोणाचे अश्रू पुसले जाणार?

पाळीव प्राण्याच्या औषधोपचाराचा विमा ही निराळी गोष्ट होय. तिचा उगम युरोपातला. स्वीडनमध्ये १९२४ साली पहिल्या कुत्र्याचा विमा उतरवला गेला, ब्रिटनमध्ये ही प्रथा १९४७ साली सुरू झाली, तर अमेरिकेत १९८२ साली पहिली पॉलिसी निघाली ती दूरचित्रवाणीवरच्या 'लॅसी' या कुत्र्याच्या नावाने. त्या देशांत आज मोजक्या कंपन्या गिनीपिगासारख्या लहान प्राण्यांचाही विमा उतरवतात. स्विंडन वगैरे ठिकाणी जाऊन स्थायिक झालेल्या आमच्या गोमंतकीय बांधवांपुढे हा पर्याय खरोखरीच उभा असतो. भारतात मात्र आज मिळणाऱ्या योजना प्रामुख्याने कुत्र्यांच्या आणि अलीकडे मांजरांच्या आहेत. तेव्हा गोव्यातील पालकापुरता हा वाद तूर्त जवळजवळ निकाली निघाल्यासारखाच आहे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु विम्याची बाजारपेठ वाढते आहे. उद्या एखादा विमा प्रतिनिधी रंगीत पत्रक घेऊन दारात येणारच नाही असे नाही. यास्तव हिशेब आजच करून ठेवलेला बरा.

समजा, आपण दोन गिनीपिग पाळले. (एकटा ठेवू नये, हा कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला एकटा ठेवण्यास कायद्याची मनाई आहे.) समजा, दोघांच्या विम्याचा हप्ता दिवसाला वीस रुपयांच्या हिशेबाने वर्षाचा ७,३०० रुपये पडला. सहा वर्षांत ४३,८०० रुपये झाले. विमा कंपनी कोणताही दावा पूर्ण देत नाही. समजा, प्रत्येक दाव्यातील पहिले १,००० रुपये आपले आणि उरलेल्यातील पाचवा हिस्साही आपला. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे बिल ८,००० रुपये आले तर कंपनीकडून मिळतील ५,६०० रुपये, आपल्या खिशातून जातील २,४००. या दराने भरलेला हप्ता वसूल व्हायला सहा वर्षांत असे आठ मोठे आजार यावे लागतील. आठ! दोन गिनीपिगांना मिळून एवढे दुर्दैव भोगावे लागत असेल तर दोष नशिबाचा नसून पिंजरा ठेवण्याच्या पद्धतीचा समजावा. याउलट तेच वीस रुपये रोज बाजूला टाकले तर व्याज न धरताही ८,००० रुपयांची पाच बिले पूर्णपणे भागतात, आणि प्राणी निरोगी राहिले तर पैसा आपलाच राहतो. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. आकडे बदलले तरी निष्कर्षाची दिशा क्वचितच बदलेल, कारण कंपनीला दाव्यांखेरीज कचेरीचा खर्च, प्रतिनिधीची दलाली आणि नफा हे सारे हप्त्यातूनच काढायचे असते.

मग विमा ही फसवणूक आहे काय? मुळीच नाही. विमा हा फायद्यासाठी घ्यायचा नसतोच. जे संकट क्वचित येते पण आले असता घरदार बुडवते, त्याच्यासाठी तो असतो. १९८६ साली आपल्याकडे 'मेडिक्लेम' आला तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. आज हृदयाच्या शस्त्रक्रियेचे बिल पाहिलेला मनुष्य तसे करणार नाही. कुत्र्याच्या बाबतीतही विम्याची बाजू बरीच बळकट आहे. तो बारा-पंधरा वर्षे जगतो, त्याच्या मोडलेल्या हाडावरचा किंवा गाठीवरचा खर्च अफाट होऊ शकतो, आणि तो रस्त्यावरच्या कोणाला चावला तर नुकसानभरपाईचा दावा मालकावर येतो. गिनीपिग कोणा वाटसरूला चावायला जात नाही. त्याचे आयुष्य थोडे, देह लहान, आणि त्याच्यावर होऊ शकणाऱ्या उपचारांना शरीराचीच मर्यादा आहे. त्याचे बिल टोचते खरे. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाला ते बुडवीत नाही. टोचणाऱ्या खर्चासाठी बचत आणि बुडवणाऱ्या खर्चासाठी विमा, हा जुन्या हिशेबी माणसांचा विवेक येथेही लागू पडतो.

आणखी एक अनुभव परदेशाचा. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांचा विमा सर्वत्र पसरला आहे, आणि तेथेच पशुवैद्यांच्या वाढत्या दरांविषयी एवढी ओरड झाली की २०२३ साली स्पर्धा नियामकाला चौकशी हाती घ्यावी लागली. २०१६ ते २०२३ या काळात हे दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढल्याचे त्या चौकशीत आढळले. याला केवळ विमाच जबाबदार आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दवाखान्यांच्या साखळ्या मोठ्या कंपन्यांच्या हाती जाणे हेही एक कारण सांगितले गेले. परंतु पैसे तिसराच कोणी देणार असला की देणारा आणि घेणारा दोघांचाही हात सैल सुटतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

येथवर सारा कौल बचतीच्या बाजूने झाला. पण बचतीचे जे दोन मोठे दोष आहेत ते सांगितल्यावाचून हा निवाडा प्रामाणिक ठरणार नाही.

पहिला दोष आरंभीचा. प्राणी घरी आणल्यावर तिसऱ्याच महिन्यात मूतखडा निघाला तर रोजच्या वीस रुपयांप्रमाणे जमलेले असतात १,८०० रुपये. विमा असता तर सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ संपलेला असल्यास कंपनीने ५,६०० रुपये दिले असते. या एका बाबतीत विम्याची बाजू निर्विवाद सरस आहे. त्यावर उपाय एकच: प्राणी आणण्यापूर्वी एका मोठ्या बिलाइतकी रक्कम बाजूला काढायची आणि मगच दुकानाची पायरी चढायची. ती रक्कम निघत नसेल तर तूर्त प्राणी आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलाचा हिरमोड होईल. पण मुलाला 'पैसे जमले की आणू' असे सांगणे आणि वर्षभराने 'पैसे नाहीत, मरू दे' असे सांगणे यांतले पहिले नक्कीच अधिक सुसह्य. गिनीपिगाची खरी किंमत दुकानदार सांगतो ती नव्हे. ती अधिक पहिले बिल, ही होय.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आणि म्हणून अधिक भयंकर. विमा असलेला मनुष्य दवाखान्यात लगेच जातो, कारण हप्ता भरलेलाच असतो. साठवलेला पैसा आपला असतो, आणि आपला पैसा मोडताना हात अडखळतो. 'थोडा वेळ वाट पाहू, कदाचित खाईल' असे म्हणण्यात जे सहा-आठ तास जातात तेच या प्राण्याच्या जीवन-मरणाचे असतात, हे आम्ही वर सांगितलेच. शिवाय चतुर्थी जवळ आली, शाळेची फी आली, घराची कौले परतायची झाली, की पहिला हात या पैशावर पडतो. म्हणजे बचत हा पर्याय हिशेबाने श्रेष्ठ आणि स्वभावाने दुर्बळ. त्याला बळकटी कोठून आणायची?

आमच्या जुन्या घरांना ती रीत ठाऊक होती. कुलदेवतेच्या नावाने फडक्यात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवलेला पैसा घरात कितीही अडचण आली तरी कोणी सोडत नसे. तो घरातच असे, पण घराचा नसे. गिनीपिगाच्या उपचारासाठी काढलेला पैसा याच भावनेने ठेवला पाहिजे: तो आपण आधीच खर्च केलेला आहे, त्याचा मालक पिंजऱ्यात बसलेला आहे. आता गिनीपिगाला कुलदेवतेच्या पंक्तीला बसवल्याचा आरोप आमच्यावर येऊ नये! आम्ही रीतीविषयी बोलत आहोत. त्यातून ज्या गणरायाची चतुर्थी आम्ही एवढ्या थाटाने साजरी करतो त्याचे वाहन याच कुळातले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

व्यवहारात या रीतीला उत्तम जोड मिळते ती पिग्मीची. नामसादृश्यावर कोणी हसले तर हसो. उडुपी येथे १९२५ साली स्थापन झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९२८ साली ही योजना काढली. बँकेचा मनुष्य रोज दारात येऊन दोन आणे घेऊन जाई. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली तरी 'पिग्मी' हा शब्द कारवारपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत टिकून आहे, आणि बाजारातल्या छोट्या दुकानदाराची पुंजी आजही पुष्कळदा तिच्यातूनच उभी राहते. रोज वीस रुपये न्यायला मनुष्य दारात येतो म्हटल्यावर टाळाटाळ करता येत नाही. किंबहुना हे वीस रुपये मुलाच्याच हातून द्यावेत. मात्र पिग्मी कोठे ठेवायची हे नीट पाहावे. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत ठेव-विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. गोव्यात सहकारी बँका बंद पडून ठेवीदारांना किती हेलपाटे घालावे लागले हे वाचकांना आम्ही सांगायला नको. ज्यांच्या गावी पिग्मी गोळा करणारा येत नाही त्यांनी पोस्टातील आवर्ती ठेव उघडावी. मात्र ती पाच वर्षांची असल्याने अडीअडचणीला हाताशी येणारी नव्हे, म्हणून पहिल्या बिलाची रक्कम साध्या बचत खात्यात वेगळी असू द्यावी. बचतीचा एक लाभ तर विम्याच्या कोणत्याही पत्रकात सापडणार नाही. विमा दवाखान्याचे बिल देतो. रात्री नऊ वाजता पेडण्याहून पणजीला जायच्या गाडीचे भाडे देत नाही.

राहता राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न: किती खर्च करायचा? येथे केवळ पैशाचा विचार करून भागत नाही. ब्रिटनमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. भूल दिल्याने कुत्रे दगावण्याचे प्रमाण त्यात हजारी दोनहूनही कमी आढळले. गिनीपिगांत मात्र ते शंभरात जवळजवळ चार होते. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेसाठी आपण पैसा उभा केला तीच प्राण्याच्या हिताची असेल असे नाही. सहा वर्षांच्या म्हाताऱ्या गिनीपिगाच्या पोटावर सुरी चालवायची, की वेदना शमवून त्याला त्याच्या सोबत्याशेजारी राहू द्यायचे, की त्रास असह्य झाल्यावर वैद्याच्या हातून दयामरण द्यायचे, हे ठरवताना 'विमा आहे ना, मग करून टाकू' हा युक्तिवाद जितका चुकीचा तितकाच 'पाचशे रुपयांच्या प्राण्याला आठ हजार कोण घालतो' हाही. जीवदयेची भाषा आमच्या तोंडी नेहमी असते. तिची कसोटी गाईपुढे घास ठेवताना लागत नाही, कारण तेथे पुण्य दिसत असते. कसोटी लागते ती जो जीव दूध देत नाही, घर राखीत नाही, आणि ज्याच्या जागी बाजारातून दुसरा आणणे त्याच्या उपचारापेक्षा स्वस्त आहे, अशा जिवापाशी. तेथे 'दुसरा आणू' हे उत्तर आपण दिले तर घरातल्या सात वर्षांच्या मुलाने त्यातून नेमके काय शिकावे?

म्हणून खर्चाची मर्यादा आजार येण्यापूर्वी, शांतपणे, घरात बसून ठरवावी. आजाऱ्याला टेबलावर ठेवून वैद्य उत्तराची वाट पाहत असताना नव्हे. त्या बैठकीला मूलही असू द्यावे. अमुक रकमेपर्यंत विचार न करता खर्च करू, त्यापुढे वैद्याला दोनच गोष्टी विचारू: बरा होण्याची शक्यता किती, आणि त्याला त्रास किती? असे ठरलेले असले की वेळेवर हात अडखळत नाही आणि पुढे पश्चात्तापही कमी होतो.

या साऱ्याहून स्वस्त असा एक हप्ता आहे, तो दररोज पिंजऱ्यापाशी भरायचा असतो. आमच्या किनाऱ्यावर गिनीपिगाचे प्राण सहज घेईल अशी गोष्ट म्हणजे उन्हाळा. अँडीजच्या थंड डोंगरावरचा हा जीव; पारा सत्तावीस-अठ्ठाविसाच्या पुढे गेला की त्याला धाप लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या बंद सज्जात किंवा पत्र्याच्या छपराखाली तो पारा किती चढतो हे कोणाला सांगायला नको. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड, वाऱ्याच्या खोलीत जमिनीलगत असावा. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. असे गवत घालण्यापेक्षा टाकून दिलेले परवडते. ढोबळी मिरची रोज, आणि आमच्या परसातला पेर अधूनमधून एक फोड; अमेरिकेतूनच पोर्तुगिजांच्या हाती इकडे आलेले हे फळ, त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर प्राण्याचे वजन करून वहीत मांडावे. दोन आठवड्यांत वजन सतत उतरते आहे असे दिसले तर तो खात-पीत असला तरीही वैद्याकडे न्यावा, कारण तोंडाने तो काही सांगणार नाही आणि काटा सांगेल. आणि वैद्य कोण, हे शोधण्याची वेळ आजारपणाची नव्हे. प्राणी निरोगी असतानाच एकदा त्याला घेऊन जावे, याला कोणती औषधे वर्ज्य आहेत हे सहज विचारून पाहावे, रविवारी आणि रात्री कोठे फोन करायचा ते लिहून घ्यावे, आणि तो क्रमांक पिग्मीच्या पुस्तकातच ठेवावा.